खुराड्यातली घरघर पावडरीने जाते का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. आम्ही घणसोली गावात राहतो, गावठाणातलं जुनं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे आणि तिथे सासूबाईंच्या काळापासून गावठी कोंबड्या आहेत. आत्ता १३ कोंबड्या आणि १ कोंबडा. गेल्या महिन्यात आठवडी बाजारातून २ तलंगा (अंड्यावर यायच्या वयाच्या कोंबड्या) आणल्या आणि सगळ्यांसोबतच सोडल्या. आठवड्याभरात एकीला शिंका सुरू झाल्या, मग बाकीच्यांना पण, डोळ्यात फेस येतो, रात्री घरघर ऐकू येते. दुकानातून अँटिबायोटिकची पावडर आणली, २ दिवस पाण्यातून दिली, आवाज बंद झाला म्हणून थांबवली, आता परत सुरू झालंय आणि अंडीही कमी झालीत. मेली अजून एकही नाही. पाऊस आत येतो म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधलीय. सासूबाई हळद-लसूण देतात. एक कोंबडी खुडूक आहे, तिच्याखाली अंडी ठेवू का? आणि ही अंडी मुलांना दिली तर चालतील का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, एकही मेली नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण मी सगळ्यात आधी तेच विचारलं असतं. एका-दोन दिवसांत पटापट मर लागली, तुरे निळे-काळे पडले, तोंड सुजलं, तर ती सर्दी समजायची नाही. कोंबडी कापायची नाही, कुणाला द्यायची नाही, खाडीत तर अजिबात टाकायची नाही, सरळ १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला फोन करायचा. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता, त्यामुळे हे लांबचं आहे असं समजू नका. मान वाकडी होणं, हिरवी पातळ शिट आणि धाप, हे दिसलं तर मानमोडी, म्हणजे राणीखेत.

तुमच्या वर्णनावरून मात्र मला सीआरडी वाटतोय, म्हणजे मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा जुनाट श्वसनरोग. डोळ्यात फेस, घरघर, अंडी कमी, मर जवळजवळ नाही आणि औषध थांबवलं की परत सुरू, त्याची चाल अशीच असते. पण आज रात्री एक काम करा. अंधार पडून सगळ्या वर चढून बसल्या की बॅटरी न लावता खुराड्याजवळ ५ मिनिटं गप्प उभ्या राहा आणि कुठल्या कोपऱ्यातून घरघर येते ते ऐका. सकाळी त्याच कोंबड्या हातात घेऊन नाकपुडी बघा, ओली असेल तर खाद्याची पूड चिकटलेली दिसेल, आणि पंखांच्या वरच्या बाजूची पिसं मळकट, चिकट असतील कारण कोंबडी नाक तिथेच पुसते. नाकाचा वास पण घ्या. घाण, सडका वास आणि डोळ्याखाली सूज असेल तर तो कोरायझा, त्याचा जंतू वेगळा. खात्री करायची तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, रक्त किंवा घशातला स्वॅब घेऊन तपासता येतं.

आता ताडपत्री. माझ्या मते तुमचा अर्धा आजार त्या ताडपत्रीत आहे! इतक्या कोंबड्यांची ओली शिट, पावसाची दमट हवा आणि वारा बंद, मग अमोनिया साठतो, श्वासनळीचं आतलं नाजूक अस्तर त्याने खराब होतं आणि जंतूला आयता दरवाजा उघडा मिळतो. सकाळी दार उघडायच्या आधी खाली बसून कोंबडीच्या उंचीला नाक न्या, डोळे चुरचुरले तर कोंबड्या रात्रभर तेच ओढतायत. छपराखाली चारी बाजूंनी वीतभर पट्टी उघडी ठेवा, जाळी मारा, आणि पाऊस अडवायला पत्रा हातभर पुढे काढा. वारा वरून जायला हवा, बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर थेट यायला नको. खालचं ओलं तूस काढून कोरडं टाका, आणि बुरशीचा वास येणारं तूस फुकट मिळालं तरी घेऊ नका, त्या बुरशीने फुफ्फुसं खराब होतात आणि त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही.

औषधाबद्दल. २ दिवसांत आवाज गेला म्हणजे आजार गेला असं नाही ताई, जंतू दबला एवढंच, आणि अर्धवट डोसात जो उरतो तोच उद्या औषधाला दाद देत नाही. डॉक्टरांना दाखवून टायलोसिनसारखं या जंतूवरचं औषध घ्या, सांगितलेले सगळे दिवस द्या, रोज सकाळी ताजं पाणी करा आणि त्या दिवसांत दुसरं पाणी कुठेच ठेवू नका, नाहीतर कोंबड्या अंगणातल्या डबक्यावर जातात आणि डोस पोटात जातच नाही. जी खूप आजारी आहे ती पाणीच कमी पिते, तिला वेगळी काढून चमच्याने पाजा. टियाम्युलिन हे दुसरं औषध दिलं तर खाद्याचं पोतं आधी वाचा, त्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही खाद्यात मिसळायची औषधं असतील तर दोन्ही मिळून विषबाधा होते, पाय लुळे पडून कोंबड्या मरतात. हळद-लसूण सासूबाईंनी देऊ दे, त्याने नुकसान नाही, फक्त औषधाच्या जागी नको.

औषध चालू आहे तोपर्यंत आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी मुलांना नको, घरात कुणालाच नको. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तर मी अंड्यावरच्या कोंबडीला देतच नाही. खुडूक कोंबडीखाली ही अंडी अजिबात ठेवू नका, हा जंतू अंड्यातून पिल्लात उतरतो. आणि हे सांगताना मला वाईट वाटतं, पण बऱ्या झालेल्या कोंबड्या दिसायला ठणठणीत असल्या तरी जंतू अंगात बाळगून असतात, बहुतेक जन्मभर. तुमच्याकडे त्या सुखाने राहतील, अंडी देतील, फक्त कुणाला विकू नका, नवीन आणू नका. पुढे कधी सगळंच नव्याने सुरू केलंत तर खुराडं धुऊन, वाळवून २-३ आठवडे रिकामं ठेवा, हा जंतू बाहेर उन्हात फार टिकत नाही. मग आणलेल्या कोंबड्या मात्र आधी ३-४ आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला, त्यांचं भांडं वेगळं, त्यांचं काम शेवटी.

मानमोडीची लस राहिली असेल तर या बऱ्या झाल्यावरच द्या, आजारी पक्ष्याला जिवंत लस देत नाहीत. लासोटा या मानमोडीच्या जिवंत लसीच्या बाटलीत निदान १०० डोस येतात, आळीतल्या ४-५ घरांनी मिळून एकाच दिवशी द्या. पाण्यातून देणार असाल तर नळाचं नको, ते पाणी क्लोरिन घालून येतं आणि क्लोरिनने लस मरते. विहिरीचं घ्या, आणि कालवलेली लस तासा-दीड तासात संपवा.

प्रश्न : कोंबडीची सर्दी माणसाला लागते का? घरात ४ वर्षांचा नातू आहे, तो दिवसभर त्यांच्याच मागे असतो.
– एक आजोबा, बाळकुम, ठाणे

उत्तर : काका, सीआरडी किंवा कोरायझा माणसाला होत नाही. राणीखेतमध्ये, खासकरून लस देताना थेंब डोळ्यात उडाला तर, डोळे लाल होतात आणि काही दिवसांत बरे होतात. बर्ड फ्लू मात्र माणसाला होऊ शकतो, म्हणून कोंबड्या आजारी असताना नातवाला लांब ठेवा, खुराडं तुम्ही तोंडाला मास्क लावून साफ करा, तूस झाडण्याआधी थोडं पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि हात साबणाने धुऊन मगच त्याला उचला.