कुत्रा चावला, पण खरा घोळ दुसऱ्या पानावर आहे

शेल्टरमधून आणलेला ४५ किलोचा कुत्रा, सहा आठवडे गरीब गाय, मग एक दिवस गेटवर कुरिअरवाल्याच्या अंगावर गेला, दंडाला टाके पडले, नोटीस आली. आणि तुमचा प्रश्न, "तो मुळात अग्रेसिव्ह नाहीच, मग मी जबाबदार कसा?" असं पत्र मला सारखं येतं, फक्त कुत्र्याचं नाव बदलतं.

राहता कुठे हे लिहिलंच नाहीये, कमाल आहे. जर्मनीत पाळीव कुत्र्याने इजा केली की मालकाची चूक असो नसो, भरपाई सहसा द्यावीच लागते. इंग्लंडच्या १९७१ च्या ॲनिमल्स ॲक्टमध्ये कुत्र्याचा तो स्वभाव तुम्हाला माहीत होता का हा प्रश्न येतो. भारतात न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे बंदोबस्त केला नाही का, ते बघतात.

आता तुम्हीच जोडलेल्या ॲडॉप्शन ॲग्रीमेंटचं दुसरं पान उघडा. 'अनोळखी पुरुषांवर गुरगुरतो, बाहेर मझल आवश्यक' (मझल म्हणजे तोंडाला लावायची जाळी), आणि त्याखाली तुमची सही! वाचलं नव्हतं म्हणता, पण कोर्ट ते ऐकून घेईल असं वाटत नाही, सही केली म्हणजे माहीत होतं असंच धरतील. वर त्या माणसाला मेसेज टाकलात, 'सॉरी, कधी कधी असं करतो'. बास, समोरच्या वकिलाला अजून काय हवं. भरपाई किती, हे टाके, बिलं, सुट्ट्या यावर ठरेल, इथून आकडा सांगणार नाही.

मेसेज डिलीट करू नका, नवे पाठवू नका. रेबीजच्या लसीचे कागद काढा आणि कुत्रा १० दिवस डॉक्टरच्या नजरेखाली ठेवा. बास्केट मझल आजच, त्यात त्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. सवय व्हावी म्हणून गर्दीच्या पार्कात नेताय म्हणे, ते आधी बंद करा, दुसरा चावा झाला तर बचावाला काही उरणार नाही. तो शांत राहील इतक्या लांबून माणसं दाखवायची आणि अंतर हळूहळू कमी करायचं. गुरगुरला म्हणून मारू नका, ती त्याची वॉर्निंग आहे, मारून ती बंद झाली तर पुढच्या वेळी थेट दात. बिहेवियरच्या डॉक्टरकडे न्या आणि प्रत्येक भेटीचं लेखी घ्या, फाईलला लागतं. मित्राला देऊन टाकू का म्हणता, पण ॲग्रीमेंटमध्ये परत फक्त शेल्टरलाच द्यायचा असं आहे.

नोटिशीला उत्तर द्यायला १५ दिवस होते, त्यातले ११ तुम्ही इंटरनेटवर घालवलेत. केस वर्षानुवर्षं रखडेल ती रखडेल, पण ही तारीख थांबणार नाही. उद्या सकाळी तिथला वकील गाठा, दुसरं पान घेऊन.