सिनेमाचं कोडं आजीलाही घाला

प्रश्न : आम्ही मूळचे नागपूरचे, सध्या टोरांटोजवळ राहतो. 13 वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मित्रमैत्रिणींशी सिनेमाची नावं ओळखायचा खेळ खेळते. त्यातल्या निम्म्या जणांना ती कधी भेटलेलीही नाही. नागपूरहून आजी-आजोबांचा फोन आला की मात्र दोन मिनिटांत "बाय". हा खेळ बंद करावा का?

उत्तर : बंद करू नका. डिस्कॉर्डवर खातं उघडायला किमान 13 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे मुलगी नियमात आहे. चार इमोजींवरून किंवा एखाद्या संवादावरून सिनेमा ओळखायचा, यात वाईट काहीच नाही. पण एकदा तिच्या शेजारी बसून अख्खा डाव बघा. नाव ओळखून झालं की गप्पा सुरू होतात, आणि लक्ष हवं ते तिथे. "तुमच्याकडे हा कुठल्या थिएटरला लागलाय?" असं कुणीतरी सहज विचारतं. पोरगी नाव सांगून मोकळी होते आणि आपण शहराच्या कुठल्या भागात राहतो हे अनोळखी माणसाला कळतं. "थिएटरात पाहिलेला पहिला सिनेमा कोणता?" हा प्रश्नही तसाच. पासवर्ड विसरल्यावर ओळख पटवायला काही ठिकाणी हेच विचारतात. ही दोन उदाहरणं तिच्यासमोर ठेवा. नुसतं "अनोळखी लोकांशी बोलू नको" म्हटलंत तर ती या कानानं ऐकेल आणि त्या कानानं सोडून देईल. गटातून बाजूला घेऊन कुणी एकट्यात बोलायला लागलं, तर तिनं तुम्हाला येऊन सांगायचं. सांगितल्याबद्दल रागावणार नाही, असा शब्द आधी द्या आणि तो पाळा.

मला जास्त काळजी त्या दोन मिनिटांची वाटते. "जेवलीस का, अभ्यास झाला का, थंडी किती आहे" यापुढे विषयच सरतो. माया दोन्हीकडे भरपूर आहे, बोलायला निमित्त नाही. मुलीला जो खेळ उत्तम चालवता येतो, तोच तिनं नागपूरच्या घरी चालवावा.

हातवारे करून नाव ओळखायचा खेळ व्हिडिओ कॉलवर फसतो. हात हलला की नेमकं तेव्हाच चित्र अडकतं, आणि आजोबांचा फोन निम्मा वेळ पंख्याकडे असतो. त्यापेक्षा काना-मात्रांचा खेळ घ्या. व्यंजनं लपवायची आणि फक्त खुणा सांगायच्या : "तीन अक्षरं. पहिल्यावर दोन मात्रे, दुसऱ्याला काना, तिसरं कोरं." आजोबा विचारतात, "र आहे?" आहे, दुसरं. "ट?" शेवटचं. आणि तिकडून आजीच ओरडते, "सैराट!" बॉलिवूड शब्दाची अक्षरं खोडत आपण हा खेळ वहीच्या मागच्या पानावर खेळायचो, इथे दर चुकीला 'नागपूर'चं एक अक्षर खोडा. चार चुका झाल्या की डाव गेला. मुलीला देवनागरी धड वाचता येत नसली तरी बिघडत नाही. कागदावर घरं आखायची आणि ऐकेल ती खूण त्यात भरायची. वेलांटी उलटी पडली की आजी सांगेलच, "अगं, पहिली वेलांटी सांगून राहिली ना मी!" शनिवारच्या मराठी शाळेत जे रटाळ वाटतं, ते इथे जिंकण्यासाठी लागतं.

एक नियम मात्र पक्का ठेवा : स्वतः पाहिलेलाच सिनेमा द्यायचा. आणि नाव ओळखल्यावर विचारायचं, "कुठे पाहिलास? कुणाबरोबर?" परक्यांना ज्याचं उत्तर द्यायचं नाही, तोच प्रश्न आजीला खोदून खोदून विचारा. 'पिंजरा' 1972चा; त्यावरून गोष्ट नागपूरच्या सदरमधल्या लिबर्टी टॉकीजवर, नाहीतर पंचशील टॉकीजवर जाईल, मग तिकिटाच्या रांगेवर, घरून कोण सोबत आलं आणि कोण रुसून बसलं यावर. ही माहिती तुम्हालाही नसेल. मुलीनं 'झुंड' घ्यावा. 2022चा तो हिंदी सिनेमा नागपूरच्या विजय बारसे यांच्या फुटबॉलच्या कामावर बेतलेला आहे आणि त्याचं चित्रीकरणही नागपुरात झालंय. आजोबांना त्यावर बरंच बोलायचं असेल.

वेळ शनिवारी तुमच्या सकाळी नऊची ठेवा. उन्हाळ्यात तेव्हा नागपुरात संध्याकाळचे साडेसहा असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं मागे गेली की तिकडे साडेसात वाजतील, म्हणजे आजीची स्वयंपाकाची गडबड. तेव्हा तुम्ही आठला बसा, तिची वेळ हलवू नका. झूमच्या मोफत खात्यावर 40 मिनिटांनी कॉल तुटतो. तेवढा वेळ पुष्कळ झाला.

पहिल्या शनिवारी जोडाक्षरं नकोत. 'सामना', 'पिंजरा', 'नटरंग' अशी सोपी नावं द्या आणि पहिला डाव आजीला घालू द्या.