लहान पक्षी कावळ्यावर का झेपावतात?

प्रश्न : घरट्याजवळ कावळा आला की बुलबुलासारखे लहान पक्षी पळून न जाता त्याच्याभोवती जमून ओरडतात, त्याच्या अंगावर झेपावतात. झुंजीत त्यांचा निभाव लागणार नाही. मग याचा उपयोग काय? शिवाय या ओरडण्याने घरट्याचा ठावठिकाणा उघड होत नाही का?

उत्तर : कावळ्याला हरवणे हा त्यांचा हेतू नसतो. घरटी लुटणाऱ्या प्राण्याचे बरेचसे यश घरट्यातल्या पक्ष्यांच्या बेसावधपणावर अवलंबून असते, आणि चहूबाजूंनी कलकलाट होऊन पाठीवर चोची बसू लागल्या की त्याला तिथे निवांतपणे शोध घेता येत नाही. तुमची दुसरी शंका रास्त आहे. गोंगाटामुळे घरट्याचा सुगावा लागण्याचा धोका खरोखरच असतो, कधी हल्ला करणारा पक्षीच शिकार होतो. म्हणून अंडी उबवणारी मादी पुष्कळदा हालचाल न करता बसून राहते आणि पिल्ले मोठी होत जातात तसतसे आईबापांचे धाडस वाढते. वाढलेले पिल्लू गमावले तर सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते आणि तेवढा हंगाम उरलेला नसतो.

ओरडण्याचेही प्रकार आहेत, आणि मला यातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. प्राण्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी १९५५ साली दाखवून दिले की ससाणा आकाशात दिसताच अनेक लहान पक्षी बारीक, उंच पट्टीची शीळ घालतात आणि ती कुठून आली हे ओळखणे अवघड असते. बसलेल्या घुबडाला घेरताना मात्र त्यांचा आवाज खरखरीत, तुटक आणि सहज माग काढता येईल असा असतो, कारण तेव्हा लपायचे नसून शेजाऱ्यांना गोळा करायचे असते. अशा हाकेला इतर जातींचे पक्षीही धावून येतात.

जपानी पक्षी-अभ्यासक तोशिताका सुझुकी यांनी २०११ साली झाडाच्या ढोलीत घरटे करणाऱ्या जपानी वल्गुली (टिट) या लहान पक्ष्याविषयी जे प्रसिद्ध केले, ते याच्याही पुढचे आहे. कावळ्यासाठी आईबाप एक हाक देतात आणि सापासाठी अगदी वेगळी. पहिली ऐकताच पिल्ले ढोलीच्या तळाशी दबून बसतात, म्हणजे ढोलीच्या तोंडातून आत आलेली कावळ्याची चोच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. साप मात्र ढोलीत शिरू शकतो, तिथे दबून बसणे म्हणजे मरण. म्हणून दुसरी हाक ऐकताच उडण्याच्या बेतात आलेली पिल्ले थेट बाहेर उडी घेतात.