मोहरीची उशी बॅगेत ठेवावी का?

पंचवटीत राहणाऱ्या एका आजींचे पत्र आले आहे. त्यांची लेक डॅलसला असते, नात सात आठवड्यांची झाली आहे आणि पुढच्या पंधरवड्यात आजी तिकडे निघणार आहेत. व्हिडिओ कॉलवर नातीचे डोके मागून उजव्या बाजूला चपटे दिसू लागल्याने त्या काळजीत पडल्या आहेत. बाळाला उताणेच झोपवायचे असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्याचे लेक म्हणते. आजींना मात्र वाटते की थोडे पालथे झोपवले आणि डोक्याखाली मोहरीची उशी दिली, तर आपल्या चारही मुलांची डोकी जशी गोल झाली तशी हिचीही होईल. रविवार कारंज्यावरून उशी आणूनही ठेवली आहे.

आजी, उशी नाशिकलाच राहू द्या. हे तोडून बोलणे वाटेल, पण या एका बाबतीत मला आडवळणाने लिहायचे नाही. पहिल्या वर्षात बाळाच्या झोपण्याच्या जागी कोणतीही उशी नसावी, कारण बाळाचे तोंड तिच्यात दबले तर मान वळवून श्वास मोकळा करण्याचे बळ त्याच्या अंगात अजून आलेले नसते, आणि शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडात जाण्याची भीती वेगळीच. डोक्याला आकार देणाऱ्या म्हणून तिकडच्या दुकानांत मिळणाऱ्या मऊ, मध्ये खळगा असलेल्या उशाही वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला आहे. तेव्हा नात्यातल्या कुणी तशी उशी भेट दिली तर तीही कपाटात जाऊ द्या.

पालथे झोपवण्याबद्दलही लेकीचेच बरोबर आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये बाळांना पालथे न झोपवण्याचा सल्ला दिला, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत झोपेत अचानक होणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच काळात चपट्या डोक्याची बाळे मात्र जास्त दिसू लागली, हेही खरे. या चपटेपणाने मेंदूवर दाब येत नाही आणि तो बहुधा हळूहळू कमी होतो. म्हणून दिवसाची असो वा रात्रीची, प्रत्येक झोप उताणीच हवी, आणि डोक्याच्या आकारासाठी जे करायचे ते बाळ जागे असताना करायचे.

जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षाच्या शेवटी तो ४६ च्या आसपास जातो. या वाढीतली जवळजवळ निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. कवटीची हाडे तेव्हा एकमेकांना जुळलेली नसतात, म्हणून ज्या जागेवर सतत भार येतो ती जागा बसते आणि वाढ दुसऱ्या बाजूंना होते. दिलासा असा की डोके जसे बसते तसे ते भरूनही येते, फक्त भार वेळेवर हलवला पाहिजे.

तुमच्या मुलांच्या वेळचे घर आठवून पाहा. बाळ झोपेतून उठले की कुणाच्या तरी मांडीवर, मग खांद्यावर, शेजारच्या काकूंच्या कडेवर. खाली टेकायला त्याला फुरसतच नसे. मला विचाराल तर ती डोकी मोहरीने नव्हे, या हातांनी गोल ठेवली. लेकीच्या घरी दिवसभर ती एकटी असते, त्यामुळे बाळ पाळण्यातून गाडीच्या सीटमध्ये, तिथून झुलत्या खुर्चीत आणि पुन्हा पाळण्यात असे फिरते, आणि या प्रत्येक जागी डोक्याचा मागचा भागच टेकलेला असतो. गाडीची सीट गाडीपुरतीच ठेवावी, घरात आल्यावर बाळाला तिच्यातून काढावे.

दुसरी गोष्ट तुम्हाला शिकवण्याची गरजच नाही. आपल्याकडे पाय लांब करून, बाळाला पायांवर पालथे घेऊन पाठीला तेल लावतात, तेव्हा ते मान उचलून इकडेतिकडे बघते. तिकडचे डॉक्टर ज्याला ‘टमी टाइम’ म्हणतात, तो याहून फारसा वेगळा नाही. जागे असताना, समोर कुणीतरी बसलेले असताना, दिवसातून दोन-तीन वेळा तीन ते पाच मिनिटे पालथे ठेवण्यापासून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दिवसभरातली ही वेळ मिळून किमान अर्धा तास व्हावी. बाळ रडले तर उचलावे, थोड्या वेळाने पुन्हा ठेवावे. आपल्या छातीवर पालथे घेतले तरी ते यातच धरावे. मात्र मालिश करताना डोके दाबून ‘गोल करणे’ आणि टाळूवर दाब देणे अजिबात नको.

उजवी बाजूच का बसली, हे तिथे गेल्यावर तुम्हीच शोधा. बाळ उजेडाकडे, दाराकडे किंवा आईच्या पलंगाकडे मान वळवते. पाळणा हलवता येत नसेल तर बाळाचे डोके एक दिवस या टोकाला आणि दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवावे, म्हणजे खिडकी आळीपाळीने दोन्ही बाजूंना येते. अंगावर पाजताना कूस आपोआप बदलते; बाटली मात्र बहुतेक जण एकाच हाताने देतात, तिथे लक्ष ठेवून हात बदलावा. खुळखुळा डावीकडून वाजवावा आणि झोप लागल्यावर डोके अलगद डावीकडे वळवावे. बाळ स्वतःहून उताण्याचे पालथे आणि पालथ्याचे उताणे होऊ लागले की मग झोपेत त्याला पुनःपुन्हा सरळ करत बसू नये.

एवढे करूनही मान सतत एकाच बाजूला राहत असेल, दुसरीकडे वळवताना बाळ कुरकुरत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. त्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत, घरच्या घरी मान ओढू नये. जन्मापासूनच डोक्याचा आकार वेगळा असेल किंवा कवटीवर हाताला कड लागत असेल, तर थांबू नये, कारण सांधे वेळेआधी जुळण्याचा तो विकार असू शकतो आणि त्यावर शस्त्रक्रिया लागू शकते. डोक्याला आकार यावा म्हणून बाळांना घालतात त्या हेल्मेटची घाई नको. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणासाठी हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांत दोन वर्षांच्या वयाला विशेष फरक दिसला नव्हता. चपटेपणा फारच असेल तर चौथ्या महिन्याच्या तपासणीत लेकीने डॉक्टरांशी याबद्दल बोलावे.

उशीच्या जागी बॅगेत एक जाड गोधडी ठेवा. पाळण्यात घालायला नाही, तर जमिनीवर अंथरून नातीला तिच्यावर पालथी खेळवायला. आणि पोहोचल्याच्या दिवशी डोक्याचा वरून एक फोटो लेकीला काढून ठेवायला सांगा, म्हणजे तीन आठवड्यांनी दुसरा काढून दोघींना तो शेजारी ठेवून पाहता येईल.