वाचक विचारतात : चिपची वीज नेमकी कुठे वाचते?

प्रश्न : मिरकरवाडा जेटीवर भरती-ओहोटीची पातळी दर मिनिटाला नोंदवणारी चिप आम्ही शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात डिझाइन करतोय. १.८ व्होल्टवर १० मेगाहर्ट्झचा क्लॉक (चिपला चालवणारे ठोके) ५ वर आणला, तर रिपोर्टात डायनॅमिक पॉवर (स्विचिंगला लागणारी वीज) निम्मी दिसते. मग बॅटरी दुप्पट टिकेल ना?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : नाही टिकणार. क्लॉक निम्मा केलात की तेच काम उरकायला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे एका नोंदीमागची ऊर्जा होती तेवढीच राहते. वर लीकेजला, म्हणजे चिप काही करत नसतानाही गळणाऱ्या करंटला, जास्त वेळ मिळतो तो वेगळाच. हिशेब मिलिवॅटमध्ये नको, एका नोंदीमागे किती मायक्रोज्यूल गेले ते बघा.

वेग कमी केलाच आहे, तर व्होल्टेजही उतरवा. स्विचिंगची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते : १.८ वरून १.५ वर आलात तर ती सुमारे ३१ टक्क्यांनी घटते. गेट मंदावतात, पण ५ मेगाहर्ट्झला ते चालून जातं. मात्र १.५ व्होल्टची लायब्ररी (गेटच्या वेगाची माहिती) घेऊन सेटअप आणि होल्ड (ठोक्याच्या आधी आणि नंतर डेटा स्थिर राहायचा वेळ) दोन्ही पुन्हा तपासा.

तुमची चिप मिनिटातला बहुतेक वेळ रिकामी बसणार, तेव्हा लीकेज सोडून चालणार नाही. ते तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं. वैशाखातल्या उन्हात जेटीवरचा बंद डबा किती तापतो ते सांगायला नको. २५ अंशांच्या रिपोर्टावर विसंबू नका, ८५ चाही काढा. टायमर आणि नोंदींची मेमरी चालू ठेवून बाकीच्या ब्लॉकचा पुरवठा तोडा. क्रम चुकवू नका : आधी क्लॉक थांबवा, मग आयसोलेशन सेल (ब्लॉकचे आउटपुट ठरावीक पातळीवर धरणारे गेट) चालू, शेवटी पुरवठा बंद. आयसोलेशन लावायचं राहिलं तर बंद ब्लॉकचे आउटपुट अधांतरी लोंबकळतात आणि पुढच्या गेटमधून नाहक करंट वाहतो. जागं करताना पुरवठा, रीसेट, मग आयसोलेशन काढा आणि क्लॉक सोडा.

प्रश्न : वीज वाचावी म्हणून एफपीजीएमध्ये (हवं ते सर्किट नंतर भरता येणारी चिप) क्लॉक आणि इनेबल (चालू-बंदचा सिग्नल) अँड गेटमधून दिले. काउंटर मध्येच जास्त मोजतो.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : क्लॉक वर असताना इनेबल हलला की अर्धवट पल्स सुटते आणि काउंटरमधला फ्लिपफ्लॉप (ठोक्यावर एक बिट साठवणारा घटक) तीही मोजतो. चिपमध्ये यासाठी लॅचवाला क्लॉक-गेटिंग सेल असतो. क्लॉक खाली असतानाच तो इनेबल आत घेतो. एफपीजीएत मात्र अँड गेट काढाच आणि फ्लिपफ्लॉपची क्लॉक-इनेबल पिन वापरा. मोजणी सुधारेल, पण क्लॉकचं जाळं धडधडतच राहील. ते थांबवायचं तर ग्लोबल क्लॉक बफरचा इनेबल वापरा.