भाडेकरू वारंवार भाडं थकवतो, पाणी-वीज तोडून बाहेर काढू का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या फ्लॅटचा भाडेकरू तीन-चार महिने भाडं देत नाही, आवाज चढवला की एखाद्या महिन्याचे पैसे टाकतो आणि परत फोन उचलत नाही, मग कुलूप बदलू का, नळ बंद करू का.

कृपा करून हे दोन्ही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ मध्ये पाणी, वीज असल्या गोष्टी तोडायला घरमालकाला सरळ मनाई आहे, आणि कुलूप लावलंत तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. म्हणजे पैसे त्याने थकवायचे आणि कोर्टात उत्तरं तुम्ही देत बसायची.

आधी कपाटातला करार काढून बघा. पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा तो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठराविक मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी देणारा, अकरा महिन्यांचा असतो. राहायला दिलेली जागा असेल, करार रजिस्टर्ड असेल आणि मुदत संपली असेल तर तुमचं काम बरंच सोपं आहे, कारण कलम २४ खाली कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तिथे लेखी करारातला मजकूर हाच निर्णायक पुरावा धरतात, समोरच्याला लढायचं असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत तशी परवानगी मागावी लागते, आणि मुदत संपल्यावर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने लागते. मुदत अजून चालू असेल तर करार मध्येच संपवायचं कलम आहे का ते बघा आणि त्याप्रमाणे वकिलाकडून लेखी नोटीस द्या. काही झालं तरी अशा माणसाला रिन्यू करून देऊ नका, डिपॉझिटमधून वळते करा म्हणाला तरी नाही.

करार रजिस्टरच केला नसेल तर अडचण आहे. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची, त्यामुळे अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत.

आता तो खराखुरा भाडेकरू असेल, जुना, पागडीचा (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन भाड्याने जागा घेतलेला) वगैरे, तर कलम १५ लागतं आणि थकवून-थकवून भरणाऱ्यांचा खेळ इथेच चालतो. थकबाकीची लेखी नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून नव्वद दिवस थांबायचं, आणि त्यात त्याने सगळं भरलं तर दावाच लावता येत नाही. नाही भरलं तर दावा लावा, पण समन्स मिळाल्यावर त्याला अजून नव्वद दिवस मिळतात. मात्र इथून पुढे त्याला थकबाकी वर्षाला १५ टक्के साध्या व्याजासकट भरावी लागते, दाव्याचा खर्च द्यावा लागतो आणि निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरावं लागतं. ज्याला सवयच थकवायची आहे तो या 'नियमित'वर अडकतो. माझ्या मावशीच्या केसमध्ये हेच झालं, समन्स आल्यावर त्याने सगळं भरलं आणि मग दावा चालू असताना परत दोन महिने गायब. मावशीने शंभर पानी वहीत कुठल्या महिन्याचं भाडं कधी आलं ते लिहिलं होतं, समोरच्या पानाला पोस्टाच्या पोचपावत्या टाचलेल्या, वकिलाने ती वहीच पुढे ठेवली आणि तिथून केस फिरली.

म्हणून तुम्ही आजपासून भाडं फक्त बँकेतून घ्या, पावती द्या, आणि व्हॉट्सॲपवर भांडण्यापेक्षा नोटीस पोचपावती येईल अशीच पाठवा. एक गोष्ट लोक रागात चुकतात, जुना भाडेकरू भाडं घेऊन आला तर नाकारू नका, नाहीतर कोर्टात तो सांगतो की मी द्यायला तयार होतो, मालकच घेत नव्हते. लायसन्सवाल्याचं उलट आहे, करार संपवल्यावर त्याच्याकडून पैसे घेतलेत तर ते भाडं म्हणून नाही, ताबा मागायचा हक्क राखून भरपाई म्हणून घेतले असं त्याच दिवशी लिहून कळवा.

पोलीस स्टेशनला खेपा घालू नका, थकलेलं भाडं हे दिवाणी प्रकरण आहे, ते घर रिकामं करून देत नाहीत. आणि थकबाकी वसुलीला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे 'बघू पुढच्या दिवाळीला' करत बसाल तर जुने महिने हातचे जातील. नोटीस याच आठवड्यात काढा.