नजर अधू झाल्यापासून आजीला घरात नसलेली माणसं दिसतात. डोक्यावर परिणाम झालाय का?

बहुतेक वेळा नाही. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाच्या बॉनेट या निसर्ग-अभ्यासकानं १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हेच लिहिलं होतं: मोतीबिंदूनं नजर गेलेली, बुद्धी शाबूत, आणि समोर माणसं, पक्षी, इमारती!

डोळ्यांकडून माहिती येणं घटलं, तरी मेंदूचा दृष्टीचा भाग रिकामा बसत नाही. तो स्वतःच चित्रं तयार करतो. चेहरे दिसत असताना चेहरे ओळखणारा भागच जागा झालेला स्कॅनमध्ये आढळला आहे. काचबिंदू किंवा पडदा खराब झालेल्यांनाही हे होतं. चित्रं मुकी असतात, आणि ती खरी नाहीत हे सहसा माणसाला कळतं. तरी लोक ‘वेडी ठरवतील’ म्हणून लपवतात. मला आजारापेक्षा हेच जास्त वाईट वाटतं. कुणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावू लागलं तर थांबवा.

दिसू लागलं की दिवा लावा, नजर डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. पुष्कळदा चित्र विरतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. आवाजही येत असतील, ती माणसं खरीच वाटत असतील किंवा विसरभोळेपणा वाढला असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या.